खणखणीत

मागच्या आठवड्यात घरात फरशीचं काम काढलं होतं. गवंडीमामा उकिडवे बसून, हातात एक रुपयाचं नाणं धरून, एकेक फरशी वाजवत पुढे सरकत होते. टक्, टक्, टक्, आणि मधेच एखादा वेगळाच, भरडा, पोटातून आल्यासारखा टुक्. तिथे ते थबकायचे, कानावरची पेन्सिल काढायचे, फरशीवर फुली मारायचे आणि पुन्हा सरकायचे. "ही पोकळ वाजती," एवढंच म्हणायचे, माझ्याकडे न बघता. मी चहाचा कप घेऊन दारात उभी होते. कप त्यांच्यासाठी होता. तो निवला, वर साय धरली, तरी मी आपली तिथेच, ऐकत.

असं काही टकटकताना कानावर पडलं की माझ्या आत एक अख्खं वर्ष उघडतं. 2012च्या जूनपासून 2013च्या मेपर्यंतचं, भूशास्त्राच्या एम.एस्सी.चं दुसरं वर्ष. त्या वर्षाचे फोटो माझ्याकडे फारसे नाहीत. वह्या घर बदलताना रद्दीत गेल्या, गुणपत्रिका कुठल्याशा फायलीत असेल. उरलाय तो आवाज. लोखंड दगडावर पडतं, तेव्हाचा.

माझा हातोडा पुण्याच्या बोहरी आळीतला. वर्गात दोघातिघांकडे एस्टविंगचे होते, निळ्या मुठीचे, कुणाच्या तरी अमेरिकेतल्या काकांनी आणलेले. ते हातोडे टेबलावर ठेवले की सुद्धा शिकलेले वाटायचे. माझा साधा, एक तोंड चौकोनी, दुसरं छिन्नीसारखं चपटं, दांडा लाकडी आणि थोडा खरबरीत. दुकानदाराने विचारलं, "खिळे ठोकायला पाहिजे का?" दगड फोडायला हवाय म्हटल्यावर त्याने एकदा माझ्या मनगटांकडे पाहिलं आणि काही न बोलता आतून जरा हलका काढून दिला. त्या न बोलण्याचा मला तेव्हा राग आला होता. पहिल्या दिवसानंतर तळहाताला चार फोड आले तेव्हा तो राग गेला.

पहिलं प्रात्यक्षिक वेताळ टेकडीवरच्या जुन्या दगडखाणीत झालं. जूनचा शेवट होता, पण पाऊस नुसताच आभाळात होता. त्या वर्षी तो तसाच राहिला, पुष्कळ तालुक्यांच्या वाट्याला आलाच नाही. सरांनी आम्हाला खाणीकडे पाठ करून उभं केलं. म्हणाले, मी दगड वाजवतो, तुम्ही नाव सांगायचं. मागून आवाज आला, ठण्ण. तो हवेत थोडा वेळ राहिला, देवळातली घंटा वाजवून कुणी तिचा लोलक हाताने धरावा तसा मग एकदम थांबला. दुसरा आवाज आला, खप्प. तिसरा नुसता भस्स, पिठाच्या डब्यात हात घातल्यासारखा. आम्ही पुस्तकातून पाठ केलेली इंग्रजी नावं एकामागून एक फेकली आणि बहुतेक सगळी चुकली. वळून पाहिलं तर सर हसत होते. पहिला होता काळा पाषाण, अंगात भोक नसलेला, घट्ट. दुसरा मांजऱ्या, पांढऱ्या-हिरवट ठिपक्यांनी भरलेला. तिसरा मुरूम. ही नावं आमच्या अभ्यासक्रमात नव्हती, विहिरी खणणाऱ्यांची होती. पण त्या दिवसानंतर मला दुसरी कुठली नावं खरी वाटेनात. मांजऱ्या हा शब्द तर मी घरी जाताना बसमध्ये तोंडात घोळवत राहिले होते. त्या ठिपक्यांना मांजराचं नाव कसं चिकटलं असेल कोण जाणे. मला तो दगड हातात घेतला की नेहमी कुणीतरी अंग चोरून बसल्यासारखा वाटायचा.

सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी इथे जमीन भेगाळून लाव्हा बाहेर आला, थरावर थर पसरले, महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यांच्याखाली गेला, हे शाळेतही शिकवतात. पण लाव्हा थंड होताना त्यातली वाफ आणि वायू वर वर चढतात, बाहेर पडायला धडपडतात, तोवर वरचा थर गोठतो आणि ते बुडबुडे जागच्या जागी अडकून दगड होतात, हे सरांनी खाणीच्या कडेला हात लावून सांगितलं तेव्हा मला उगाच गलबलून आलं. त्या रिकाम्या बुडबुड्यांत मग पुढची लाखो वर्षं पाणी झिरपलं, आणि जाताना कधी कॅल्साइट, कधी झिओलाइट ठेवून गेलं. वाघोलीच्या खाणीत त्या पोकळ्यांमध्ये कॅव्हनसाइट नावाचं एक निळंशार खनिज सापडतं, त्यासाठी जगभरचे संग्राहक जीव टाकतात. मी एक कण पाहिला होता, एका खाणमजुराच्या काडेपेटीत, कापसावर. मोरपिसाच्या डोळ्यातला निळा रंग काढून सुईच्या टोकावर ठेवला तर तेवढा.

सरांनी आम्हाला एका रविवारी सकाळी पाताळेश्वरलाही नेलं. जंगली महाराज रस्त्यावरून तोवर मी शेकडो वेळा गेले असेन, आत कधी वळले नव्हते. आठव्या शतकातलं, राष्ट्रकूटांच्या काळातलं, एकाच कातळात खोदलेलं, आणि पुरतं न झालेलं. तिथे हातोडा काढायचा नव्हता, नुसता तळहात भिंतीला लावायचा होता. गार. त्या गोल नंदीमंडपाच्या खांबाला टेकून मी डोळे मिटले आणि बाहेरच्या रिक्षांच्या आवाजाखाली मला छिन्नीचा आवाज ऐकू येतोय असं वाटलं. कुणीतरी इथे आधी हा कातळ वाजवून पाहिला असणार. भेग नाही, पोकळी नाही, खणखणीत आहे, म्हणूनच तर लेण्यासाठी हा निवडला. मग काम अर्धवट का राहिलं असेल? मैत्रीण म्हणाली, "अगं, पगार थकला असेल." पुढे जानेवारीत मला तिचं म्हणणं आठवायचं होतं.

आता प्रयोगशाळेबद्दल. दगडाची चकती कापायची, काचेला चिकटवायची आणि मग घासत बसायचं. काचेच्या तक्त्यावर कार्बोरंडमची पूड, वर चार थेंब पाणी, आणि बोटांच्या टोकांनी चकती इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवायची. तासन् तास. आधी खर्र खर्र, मग पूड बारीक घेत गेलं की खस्स खस्स, आणि शेवटी नुसता एक ओलसर सर्र, रेशमी साडीच्या निऱ्या करताना येतो तसा. चकती 0.03 मिलिमीटरवर आली की थांबायचं. तेवढा पातळ झाला की काळाकभिन्न बेसाल्ट चक्क पारदर्शक होतो, खाली ठेवलेली अक्षरं वाचता येतात. हे मापायचं कसं? सर म्हणायचे, आवाजावरून कळेल. मला कळलं नाही. माझी पहिली चकती घासता घासता नाहीशी झाली. दुपारी दोनला होती, पावणेतीनला काचेवर नुसती डिंकाची पुटकुळी.

दुसरी मात्र जमली. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, दोन्ही ध्रुवक आडवे घातले, टेबल फिरवलं, आणि काय सांगू. काळ्या-पांढऱ्या बारीक पट्ट्यांच्या कांड्या इकडेतिकडे पसरलेल्या, कुणीतरी काडेपेटी उधळल्यासारख्या, आणि त्यांच्या मधून पिवळे, निळे, गुलाबी तुकडे, टेबल फिरेल तसे विझणारे, पेटणारे. त्या पट्टेदार कांड्या म्हणजे प्लॅजिओक्लेज. ज्या दगडावरून आपण चालतो, ज्याने रस्त्याची खडी होते, पाटावरवंटा होतो, त्याच्या पोटात रोज हा दिवाळीतला आकाशकंदील पेटलेला असतो आणि ते कुणाला माहीत नाही. होस्टेलच्या मेसमध्ये त्या रात्री मी हे सगळ्यांना सांगत सुटले. भात संपत आला होता, कुणी ऐकलं नाही.

दिवाळीच्या सुटीत आम्ही चौघं लोणारला गेलो. एकाच्या वडिलांची जुनी मारुती व्हॅन होती, तिचं मागचं दार दोरीने बांधावं लागायचं. चार हातोडे डिकीत एकत्र ठेवलेले, नगर रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला ते एकमेकांवर आपटत आणि गाडीभर किणकिणाट होई. घुंगराची बैलगाडी घेऊन चाललोय, असं कुणीतरी म्हणालं. औरंगाबाद, जालना, मग सिंदखेड राजा, जिजाऊंचं गाव. तिथे पहाटे एका टपरीवर चहा घेतला, कापसाच्या शेतांवर धुकं होतं, आणि व्हॅन बंद करूनही ती किणकिण कानात चालूच होती.

लोणारच्या काठावर पोचलो तेव्हा ऊन नुकतंच आत उतरत होतं. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाची ती वाटी, तळाशी हिरवट पाणी, कडांना दाट झाडी, आणि झाडीतून मोरांचे टाहो. 1823 मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तिची नोंद केली म्हणतात. आसपासच्या लोकांनी तर तिची पुराणकथा शतकानुशतकं सांगितली होती, देवळं बांधली होती. उल्का पडली तेव्हा इथले बेसाल्टचे आडवे थर उसवून काठाशी बाहेरच्या बाजूला कलले, पुस्तकाची पानं बोटाने उलटावीत तसे. आणि माझ्या त्या पट्टेदार कांड्या, त्यातल्या काही त्या धक्क्याने वितळायलाही सवड न मिळता जागच्या जागी काच झाल्या. मॅस्केलिनाइट. हे वाचलेलं होतं. पण काठावर बसून, हातोडा डिकीत ठेवून (तिथे दगड फोडायचा नसतो, आणि आम्हालाही ते बरं वाटलं), नुसतं खाली बघताना प्रथमच असं झालं की मला काहीही वाजवून पाहावंसं वाटलं नाही. खाली उतरलो, पाण्याचा खारट, सोड्यासारखा वास नाकात बसला. पुढे 2020च्या जूनमध्ये ते तळं मिठात रमणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झालं तेव्हा टीव्हीवर पाहताना मला रंगाचं नवल वाटलं नाही, मला तो वास आला.

डिसेंबरात कोकण. भोरहून वरंधा घाट उतरायचा होता. घाटात जिथे रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे काळ्या थरांच्या मधून एक तांबडी रेघ जाते, वीतभर, कुठे हातभर. गेरूचा थर. एक लाव्हा येऊन गेला, मग पुढचा यायला इतका काळ गेला की खालच्याची माती झाली, आणि वरून दुसरा येऊन त्याने ती भाजून काढली. दोन प्रवाहांमधली विश्रांती म्हणजे ती रेघ. पाणी वरून झिरपत येतं, गेरूला पाझर नसतो, म्हणून तिथे अडतं आणि वाट काढून बाहेर येतं. डिसेंबरातही एका ठिकाणी त्या रेघेच्या वर दगड ओला होता. व्हॅनवाल्याने ओंजळीत पाणी धरलं, प्यायला, आणि म्हणाला, "साठ-पासष्ट कोटी वर्षं जुनं." आम्ही हसलो. पाणी मागच्या पावसाळ्यातलंच असणार, आणि एक शून्यही जास्तीचं पडलं होतं. पण त्या थंडीत ते तसंच लागलं खरं.

खाली कोकणात हातोडा बिचारा मुका झाला. जांभ्याला मारलं की थप्प, बस. आवाज तो आतच पिऊन टाकतो. राजापूरजवळ एका चिरेखाणीत बघत बसलो होतो. खाणीतून निघाला तेव्हा चिरा ओला आणि मऊ, हवा लागली की हळूहळू घट्ट होत जाणारा. सड्यावरून तासभर चाललो, वाळलेलं गवत, वर घार, दूरवर समुद्राची एक करडी रेघ. त्या पट्ट्यातल्या सड्यांवर माणसांनी कधीकाळी हत्ती, मासे, माणसं कोरून ठेवली आहेत. 2022 मध्ये ती कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. आम्ही कदाचित एखाद्या हत्तीच्या पाठीवरून चालत गेलो असू, पायाखाली काय आहे ते न बघता.

मग इंटर्नशिप. जानेवारी ते एप्रिल, पुरंदर तालुक्यात, पाण्यावर काम करणाऱ्या एका संस्थेसाठी. पुण्याहून दिवे घाट चढला की हवा एकदम कोरडी होते, सासवड मागे टाकलं की कऱ्हेचं पात्र दिसतं, नुसती वाळू आणि गोटे. काम साधं होतं. 42 विहिरींची पाणीपातळी दर पंधरवड्याला मोजायची. हातात टेपचं चाक, टेपच्या टोकाला पितळी वजन. ते वजन विहिरीत सोडत जायचं, आणि पाण्याला टेकलं की चाक बीऽऽप असं ओरडतं. त्या एका बीपसाठी मी काठावर ओणवी व्हायचे. आत पारव्यांची घरटी, टेप सोडली की सगळे एकदम फडफडत वर, तोंडावर वारा आणि धुळीचा, शेवाळाचा वास. मग शांतता. टेप सरकतेय, सरकतेय. जानेवारीत बीप लवकर यायचा, फेब्रुवारीत उशिरा, मार्चमध्ये काही विहिरींत वजन गाळाला टेकायचं आणि चाक ओरडायचंच नाही. वहीत मी लिहायची, कोरडी. पुढच्या रकान्यात शेरा लिहायला जागा होती. तिथे काय लिहायचं ते मला कधी सुचलं नाही.

बायका हंडे घेऊन शेजारून जाताना विचारायच्या, "ताई, काय म्हणतंय पाणी?" मी आकडा मीटरमध्ये सांगायचे. त्या मनात परसात बदलायच्या आणि मान डोलवायच्या. एक परस म्हणजे ढोबळमानाने पुरुषभर उंची. एखाद्या विहिरीत एका पंधरवड्यात एक पुरुष बुडेल एवढं पाणी उतरलं, असं त्यांच्या हिशेबात ऐकलं की मीटर फार गुळमुळीत वाटायचा.

तिथेच एक पाणाड्या भेटला. तळहातावर आडवा नारळ ठेवून शेतातून चालायचा, नारळ उभा राहिला की तिथे पाणी. मला हे पटलं नाही, आजही पटत नाही. पण तो बांधावर थांबून उंबराकडे, वारुळाकडे, गवताच्या हिरवेपणाकडे ज्या नजरेने बघायचा ती नजर खोटी नव्हती. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दकार्गल नावाचा सबंध अध्याय झाडं आणि वारुळं बघून पाणी शोधण्यावर आहे, हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग तुमच्या कॉलेजात तेच शिकवत्यात का?" मी नाही म्हटलं. त्याने माझा हातोडा मागून घेतला, बांधाच्या दगडावर एक हलका टोला दिला, ऐकलं, आणि परत दिला. "न्हाई. हिथं नगं." ते मात्र मलाही ऐकू आलं होतं. ठण्ण.

त्या चार महिन्यांत मला हे एवढंच नीट कळलं. जो दगड खणखणीत वाजतो, त्यात पाणी नसतं. पाणी असतं मुरमात, भेगाळलेल्या दगडात, मांजऱ्याच्या उमललेल्या पोटात, म्हणजे जे वाजवलं तर भरडं, खोल, थकल्यासारखं वाजतं त्यात. लेणं खोदायला चांगला दगड आणि विहीर खणायला चांगला दगड हे एकमेकांचे उलटे. मानधन? ते तीन महिने उशिरा आलं. पाताळेश्वरातली मैत्रीण तोवर मला रोज एकदा हसून घ्यायची.

मे महिन्यात प्रबंध देऊन मी माणमध्ये आजोळी गेले. माणदेश, म्हसवडच्या बाजूला. माणगंगा कोरडी, रस्त्याने चाऱ्याचे ट्रक, गावोगावच्या गुरांनी भरलेल्या छावण्या. मामांची दोन जनावरं छावणीत होती, मामा तिथेच राहायचे. घरी आजी एकटी. मी हातोडा घेऊन गेले होते, कारण मला आजोबांची विहीर बघायची होती. बाहत्तरच्या दुष्काळानंतर त्यांनी तगाई काढून ती खणली. नऊ परस. पाणी लागलं नाही. लहानपणी आम्हा नातवंडांना तिथे जायची बंदी होती, एवढीच तिची आठवण.

काठावरून चार पायऱ्या उतरले. वर वीतभर माती, मग कमरेएवढा मुरूम, आणि त्याखाली काळी भिंत, सरळ खालपर्यंत. सुरुंगाच्या भोकांचे अर्धे व्रण अजून भिंतीवर होते. मी वाकून हातोडा मारला. ठण्ण. विहिरीने तो आवाज उचलला, गोल फिरवला आणि खालून परत पाठवला. मी एवढा सुंदर आवाज त्या वर्षात कुठे ऐकला नव्हता. आणि एका टोल्यात मला कळलं, जे इथे नऊ परस खणून कळलं होतं.

आजी वर बाभळीखाली बसली होती. "काय म्हणतो?" तिने विचारलं.

"खणखणीत आहे गं."

"व्हय. दुसऱ्या परसालाच आवाज बदलला हुता. तुझ्या आज्यानं मला आत उतरवून ऐकवला."

मी वर येऊन तिच्याजवळ बसले. म्हणाले, मग कळलं होतं तर पुढचे सात परस का खणलेत? ती थोडा वेळ बोलली नाही. बाभळीच्या शेंगा खाली पडल्या होत्या, त्या पदरात गोळा करत राहिली, शेळीला. मग म्हणाली, "तगाई घेतल्याली. आन् खणायचं थांबलं आसतं, तर सकाळी उठून करायचं काय हुतं?"

उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून असेल, मी हातोडा तिच्यापुढे धरला. हा बघ, वर्षभर ह्याच्यानेच फिरतेय. तिने तो हातात घेतला, तोलला, दांडा मागे-पुढे करून मूठ कुठे बसते ते पाहिलं. मग डोक्यावरच्या पाण्याच्या हंड्याची चुंबळ जमिनीवर ठेवली, तिच्यात एक मुठीएवढा काळा गोटा बसवला, बोटांनी त्याला किंचित फिरवला, पुन्हा किंचित. आणि मारला, फार जोरात नाही. गोटा शांतपणे दोन झाला. आतली दोन्ही अंगं गुळगुळीत, करडी, एखादी बी दुभंगावी तशी. वर्षभरात माझ्या हातून एकही दगड असा फुटला नव्हता. माझे सगळे कपचे उडायचे.

"बाहत्तर साली म्या खडीच फोडली की," ती म्हणाली. दुष्काळी कामावर, म्हसवडच्या रस्त्याला. ढिगाचं माप घेऊन मजुरी द्यायचे. दुपारी सुकडी मिळायची. घरी मिलोची तांबडी भाकरी, घशाखाली न उतरणारी. माझी आई तेव्हा दोन वर्षांची, झोळीत, अशाच एका बाभळीला बांधलेली. शे-दोनशे हातोड्यांच्या आवाजात तिला झोप लागायची, आणि संध्याकाळी काम सुटून आवाज थांबला की ती जागी होऊन रडायची. हे आईने मला कधी सांगितलं नव्हतं. तिला आठवत नसणार. पण पाऊस पत्र्यावर वाजत असला की आईला गाढ झोप लागते आणि थांबला की ती दचकून उठते, हे मी आयुष्यभर पाहत आले होते.

"गोट्याला नस असती," आजी म्हणाली आणि दुसरा गोटा चुंबळीत ठेवला. "त्यो आधी फिरवून बघायचा." तिने माझी बोटं धरून त्या गोट्यावरून फिरवली. मला काही जाणवलं नाही. तिने फोडला, दोन झाले. तिसरा मला दिला. माझा कपचा उडून तिच्या पायाला लागला. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली आणि हसली, आणि ऊन कलेपर्यंत आम्ही दोघी तिथे बसून होतो, कोरड्या विहिरीच्या काठावर, ती फोडत आणि मी ऐकत.

गवंडीमामांनी घरात सतरा फुल्या मारल्या. सतरा फरश्या काढून नव्याने बसवाव्या लागतील म्हणाले. मी त्यांच्यासाठी दुसरा चहा टाकला.

आजी सहा वर्षांपूर्वी गेली. हातोडा मी त्या मे महिन्यात तिथेच विसरले होते, परत आणला नाही. दांडा दोनदा बदललाय. मामा त्याने शेळ्यांच्या मेखा ठोकतात.